तेरा वजनाचा कार्बन

सर्जापूर रोड, बंगळूर, १९ मार्च २०२४

अण्णा,

डबा मिळाला का, झोप लागते का, असं विचारून पत्र सुरू कर, असं आईने बजावलंय. मी विचारणार नाही. झोप आमच्या लॅबच्या जितेंद्र सरांना लागली आहे, आणि ती अजून उतरलेली नाही. डॉक्टरांनी कवटीचा एक तुकडा काढून ठेवलाय, मेंदूची सूज ओसरली की परत बसवणार आहेत. डावा डोळा गेला. गेला म्हणजे गेलाच. तू 'दोन फटके दिले' म्हणून मोकळा होशील, म्हणून मुद्दाम लिहिते. कुठे काय फुटलं ते तुला कळलं पाहिजे.

तुरुंगात पत्रं उघडून वाचतात म्हणे. वाचू देत. मराठी वाचणारा कोणी मिळालाच तर चार गोष्टी रसायनशास्त्राच्या शिकेल बिचारा.

तू त्या दिवशी लॅबच्या गेटवर आलाच नव्हतास, असं तुझा वकील म्हणतोय. सर टपरीच्या पायरीवरून घसरले म्हणे. अरे वा. मग काय झालं ते मीच सांगते, तुझ्या लक्षात नसेल तर.

सकाळी तुझ्या खरेदीदाराने आमच्या लॅबचा रिपोर्ट तुला दाखवला आणि तू फोन केलास. 'माझ्या मधात साखर? माझ्या मधात?' मी म्हटलं, अण्णा, आमच्याकडे नमुना येतो तो नाव काढून, बाटलीवर नुसता आकडा. तो तुझा होता हे मला आत्ता तुझ्या तोंडून कळतंय. तपासणी मी केली, सही सरांची आहे, आणि रिपोर्ट बरोबर आहे. पण ही साखर कुठे शिरली ते आपण शोधू, मला थोडे दिवस दे. एवढंच मागितलं होतं मी. तू शिवी घातलीस आणि फोन आपटलास.

दुपारी जेवणानंतर सर आणि मी टपरीवर उभे होतो. तू गाडीतून उतरलास आणि विचारलंस, 'सही कोणाची?' आधी कन्नडात, मग हिंदीत, मग माझ्याकडे बघून मराठीत. सर म्हणाले, 'माझी. या ना, बसून बोलू.' त्यांनी तुझ्यासाठी चहा सांगितला, अण्णा. टपरीवाल्याकडे बघून एक बोट वर केलं, 'ओंदु टी.' ते बोट वर असतानाच तू पाना मारलास.

मधाच्या पिंपाची बुचं उघडायचा तो लोखंडी पाना. मारतहळ्ळीच्या दुकानात दारामागे खिळ्याला टांगलेला असतो तो. तिथून तू तो गाडीत घालून आणलास, तेव्हा रागाच्या भरात हाताला लागला, असली थाप मला तरी मारू नकोस. पहिला घाव कानशिलावर. आवाज कसा आला ते लिहीत नाही, मला तो जेवताना ऐकू येतो. सर पडले नाहीत, खाली बसले, आणि चाचपडत चष्मा शोधायला लागले. दुसरा घाव तू तेव्हा घातलास. शोधणाऱ्या माणसाच्या तोंडावर.

तिसऱ्याच्या वेळी मी मध्ये आले.

माझं मनगट पायरीवरून पडून मोडलं, असं मी सगळ्यांना सांगितलंय. डॉक्टरांना, आईला, पोलिसांना. सरांना मारताना तुला पाहिलं, हे पोलिसांना सांगितलं. मनगटाचं नाही सांगितलं. का ते मला विचारू नकोस, माझं मलाच धड कळलेलं नाही.

डाव्या हाताने टाइप करते आहे, वेळ लागतो.

शलाका

*

सर्जापूर रोड, ४ एप्रिल २०२४

अण्णा,

आई भेटून आली आणि तुझा निरोप घेऊन आली. सरांबद्दल एक अक्षर नाही, माझ्याबद्दल नाही. निरोप काय, तर 'शलूला सांग, मी पाण्यात टाकून बघितलं होतं.'

कप्पाळ माझं!

दुकानात गिऱ्हाईक आलं की तू काचेचा ग्लास काढतोस, पाणी भरतोस, चमच्याने वरून मधाचा थेंब सोडतोस. थेंब न विरघळता सरळ तळाला गेला की 'नोडी, बघा, शुद्ध!' म्हणून छाती फुगवतोस. किती वेळा सांगितलं की घट्ट पाक केला तर तोही असाच तळाला जाऊन बसतो. तू म्हणायचास, तुमचं यंत्र कोटीचं, माझा ग्लास वीस रुपयांचा, आणि दोघं एकच सांगतात. नाही सांगत, अण्णा. त्या ग्लासापायी एक माणूस अर्धा मेलाय. म्हणून आता गप बसून वाच. तिथे तुला दुसरं काय काम आहे?

साखर ती साखर. उसाची असो की जांभळाच्या फुलातली, जिभेला, पाण्याला, मुंगीला फरक कळत नाही. फरक असतो तो कार्बनच्या वजनात. कार्बनच्या प्रत्येक अणूत सहा प्रोटॉन असतात, ते नसतील तर तो कार्बनच नव्हे. न्यूट्रॉन मात्र बहुतेकांत सहा आणि एखाद्यात सात. सहा नि सहा बारा, सहा नि सात तेरा. यांना आयसोटोप म्हणतात. नाव एक, घर एक, वागणंही जवळजवळ सारखंच, फक्त एक जरा जड. तेरावाला शंभरात एखादाच सापडतो.

आता ऊस आणि मका हवेतून कार्बन घेतात ते जंगलातल्या झाडांपेक्षा वेगळ्या रीतीने. त्यामुळे त्यांच्या साखरेत तेरावाले किंचित जास्त असतात. हे किंचित पकडायला आम्ही मध जाळतो. पार जाळतो, काही शिल्लक ठेवत नाही. त्याचा जो कार्बन डायऑक्साइड होतो त्याला विजेचा झटका देऊन चुंबकासमोरून पिटाळायचं. हलका जास्त वळतो, जड कमी वळतो, आणि दोघं वेगवेगळ्या जागी जाऊन आदळतात. किती कुठे आदळले ते मोजायचं. तुझ्या मधात तेरावाले जास्त निघाले. उसाची साखर त्यात आहे म्हणजे आहे. तू सरांना फोड, मला फोड, यंत्राचा चुरा कर, तेराचा अणू मार खाऊन बारा होत नाही.

पण साखर तू घातलीस असं मला वाटत नाही. वाटलं असतं तर हे पत्र लिहिलंच नसतं. तू मारकुटा आहेस, चोर नाहीस. मराठी मंडळात लोक कुजबुजतात की मकरंद भेसळ करत होता म्हणून चवताळला. मला त्या कुजबुजीची सरांच्या डोळ्याइतकीच चीड येते. इतकी येते की हातातलं प्लास्टर कुणाच्या तरी टाळक्यात घालावंसं वाटतं. बघितलंस? एकाच घरातले आपण.

शलाका

*

सर्जापूर रोड, १२ मे २०२४

अण्णा,

मी शिरसीला जाऊन आले. सयाजीकडे.

तुझा हा भागीदार कोल्हापूरकडून येऊन तिथे जंगलाच्या कडेला मधमाश्यांच्या पेट्या ठेवतो, आणि त्याचा मध तू डोळे झाकून पिंपांत भरतोस, एवढंच मला माहीत होतं. म्हटलं, साखर पिंपात शिरली की पेटीत, ते बघू. पिंपात शिरली असेल तर तू दोषी. पेटीत शिरली असेल तर नाही. उत्तर काय येईल याची मला धास्ती होती, तरी गेले.

सयाजीने मला जेवायला वाढलं, तुझी चौकशी केली, डोळ्यांत पाणी आणलं. या हंगामाच्या दोन चौकटी त्याने घरच्यासाठी ठेवल्या होत्या, मेणाने बंद असलेलं पोळं जसंच्या तसं. माशीने एकदा मेणाचं झाकण लावलं की आत कोणी काही घालू शकत नाही. मी त्या मागितल्या. तो खुशाल दे म्हणाला बायकोला. घाबरला असता तर बरं वाटलं असतं मला!

आमच्या लॅबने मला या नमुन्याला हात लावू दिला नाही, बरोबरच केलं. मी तो हैदराबादच्या एका लॅबकडे पाठवला. काल उत्तर आलं. बंद पोळ्यातला मधही तसाच आहे. तेरावाले जास्त.

मी सयाजीला फोन लावला. म्हटलं, तू माश्यांना साखरेचा पाक पाजत होतास? तो म्हणाला, 'पावसाळ्यात सगळेच पाजतात, ताई. फुलं नसतात, माश्या उपाशी मरतील.' मी म्हटलं, पावसाळ्यात ठीक, पण फुलोरा सुरू व्हायच्या आत तो बंद करतात. तर म्हणतो, 'यंदा फुलोराच धड आला नाही. पेट्या रिकाम्या कशा पाठवायच्या? म्हणून चालू ठेवला. पण मी मधात काही मिसळलं नाही, देवाशपथ. जे केलं ते माशीनेच केलं.' आणि हे तो मनापासून बोलत होता. त्याच्या लेखी तो मध शुद्ध. तुझ्या लेखी शुद्ध, कारण थेंब तळाला गेला. तुम्हा दोघा शहाण्यांच्या मधे सर टपरीवर चहा पीत उभे होते.

रिपोर्ट तुझ्या वकिलाला नेऊन दिला. त्या खरेदीदाराने तुझ्यावर फसवणुकीची जी तक्रार केली आहे, ती यातून सुटेल असं तो म्हणाला. तू भेसळ केली नाहीस, अण्णा. हे आता कागदावर आहे, आणि ते मी सिद्ध केलं. थोडे दिवस मागितले होते ना तुझ्याकडे? ते हेच करायला मागितले होते. तुला तेवढा दम निघाला नाही. नुसता दुपारचा चहा होईपर्यंतसुद्धा निघाला नाही.

आज लिहिताना रडले. तुझ्यासाठी की सरांसाठी, ते वेगळं करता आलं नाही.

शलाका

*

सर्जापूर रोड, २५ ऑगस्ट २०२४

अण्णा,

सर घरी आलेत. चालतात, जेवतात, उजवा हात लुळा आहे. तो दिवस त्यांना आठवत नाही, काहीच नाही. त्यांची बायको स्मिता त्यांना रोज एकेक शब्द परत शिकवते. मी गेले तेव्हा त्यांनी मला ओळखलं, 'मॅडम' म्हणाले. तुझं नाव कोणी घेतलं नाही. टपरीवाला गाशा गुंडाळून गावी गेला, पोलिसांना सापडत नाही. म्हणजे तुला पाना चालवताना पाहिलेली आता मी एकटी. हे आईच्या बरोबर लक्षात आलंय.

परवा ती इथे आली होती. मला जवळ बसवलं, केसांवरून हात फिरवला. म्हणाली, 'पोलिसांना बोललीस ते बोललीस, कोर्टात सांग की नीट दिसलं नाही. लोक साक्षी फिरवतात, त्यात काय एवढं? त्याच्या आयुष्यभराचं बघ. सगळं मिळून सरासरी काढ. तो वाईट आहे का?'

सरासरी! आई हे बोलली आणि मला सर आठवले. मी लॅबमध्ये नवी होते तेव्हा त्यांनी भिंतीवरच्या तक्त्यावर बोट ठेवलं होतं. कार्बन, अणुभार बारा पूर्णांक शून्य अकरा. 'शलाका मॅडम, एवढ्या वजनाचा एक अणू मला आणून दाखवा, पार्टी माझ्याकडून.' मी विचारात पडले. ते त्यांचं नागपुरी हसू हसले, 'कुठून आणता? नाहीच ना तो! बाराचे आहेत, तेराचे आहेत. हा आकडा दोघांच्या सरासरीचा आहे. आख्ख्या दुनियेत या वजनाचा एकही कार्बन नाही.'

मी आईला तेच सांगितलं. म्हटलं, तू म्हणतेस तसा सरासरीचा मकरंद मला कधी भेटलेलाच नाही गं. मला भेटला तो लहानपणी क्वार्टर्समध्ये माझ्या सायकलमागे धापा टाकत धावणारा. मला ताप आला की माझ्या वाटणीची कडू गोळी आधी स्वतः चाटून बघणारा. आणि मला भेटला तो टपरीवर, पाना घेतलेला. या दोघांना एकात कालवून मध्यम, सोसवण्यासारखा मुलगा तू तयार करतेस. तसा कोणी त्या दिवशी तिथे आला असता तर सरांचा डोळा शाबूत असता.

आई म्हणाली, 'तो तुझ्यासाठीही मारायचा. विसरलीस?'

नाही विसरले. माझी वेणी ओढली म्हणून तू त्या शेजारच्या मुलाचा दात पाडला होतास. रक्ताने त्याचा शर्ट भिजला होता, आणि बाबांनी तुला मसाला डोसा खाऊ घातला होता. 'भाऊ असावा तर असा.' मीही टाळ्या वाजवल्या. तेव्हा तुझ्या हाताचं आपण कौतुक केलं, आणि हात तोच आहे. मी आईला म्हटलं, दात पाडला तेव्हाच अण्णाच्या कानाखाली कोणी वाजवली असती तर बरं झालं असतं.

तिने ती माझ्या वाजवली. खाडकन. ओठ दातावर आपटून फुटला. मग स्वतःच घाबरली, बर्फ आणायला धावली, पदराने माझं तोंड पुसत रडत बसली. आणि रडता रडता तुझा नवा निरोप सांगितला. तू म्हणालास म्हणे, 'साक्ष दिली तर बाहेर आल्यावर तिचा दुसरा हात.' आई म्हणते, रागात बोलतो, मनात काही नसतं.

'दुसरा' या शब्दावर ती अडखळली. माझ्या मनगटाकडे बघत राहिली. पायरीवरून पडल्याची गोष्ट तिथेच संपली. बर्फ तसाच वितळला.

धमकी मिळाली, अण्णा. पोच म्हणून लिहिते आहे. भीती वाटते, खोटं कशाला सांगू? गाडी लावायला खाली जाते तेव्हा आधी खांबामागे बघते. तरी मी काय करणार ते मला विचारायचं असेल तर स्वतः दोन ओळी लिही. आईच्या पदराआडून नको.

शलाका

*

सर्जापूर रोड, १८ फेब्रुवारी २०२५

अण्णा,

काल तू होतास समोर, पण मधे पोलीस, वकील, टेबलं. म्हणून आज लिहिते. तू बारीक झालास. कानाजवळ केस पांढरे दिसले. मी तुझ्याकडे बघितलं, तू फरशीकडे बघत होतास.

आई तुझ्या बाजूच्या बाकावर बसली. माझ्या बाजूला स्मिता, आणि तिच्या शेजारी सर, काळा चष्मा लावून. पिंजऱ्यात चढेपर्यंत मला खात्री नव्हती, अण्णा. खरंच सांगते. 'नीट दिसलं नाही' एवढेच तीन शब्द म्हणायचे होते. रिक्षात मी ते म्हणून बघितले होते. सहज जमत होते.

सरकारी वकिलाने आधी तुझ्याकडे बोट केलं आणि विचारलं, हे कोण? मी म्हटलं, 'नन्न अण्णा.' माझा भाऊ. तेव्हा तू पहिल्यांदा मान वर केलीस. मग त्याने टपरीचं विचारलं. मी सांगितलं. चहाचं सांगितलं, वर केलेल्या बोटाचं सांगितलं, पान्याचं सांगितलं, चष्मा शोधणाऱ्या हातांचं सांगितलं. स्मिता तोंडात पदर कोंबून ऐकत होती. आणि सर? दुसऱ्या कोणाची तरी हकिकत चालली आहे असं बसले होते ते.

मग तुझा वकील उठला. हुशार माणूस. आधी शिरसीच्या पोळ्याचा रिपोर्ट काढला, म्हणाला, आरोपी निर्दोष होता, लॅबने त्याच्यावर विनाकारण ठपका ठेवला, हे याच बाईंनी शोधलं ना? मी म्हटलं, भेसळ त्याने केली नाही हे मी शोधलं. लॅबचा रिपोर्टही खरा होता. मग तो माझ्याजवळ आला, आवाज गोड केला. 'तुम्ही म्हणता तुम्ही हातभर अंतरावर होतात. एवढा जड पाना, एवढे घाव, आणि तुम्हाला त्यातला एकही लागला नाही? मनगट तर तुम्हीच सांगितलंत, पायरीवरून पडून मोडलं. मॅडम, तुम्ही तिथे नव्हताच.'

त्याला तू सांगितलं नव्हतंस. काल मला तुझी गंमत वाटली, अण्णा. धमकी द्यायला तुला तो हात आठवला, वकिलाला सांगायला आठवला नाही. की लाज वाटली? वाटली असेल तर मला बरं वाटेल.

आई उभी राहिली होती. मान हलवत होती, नको, नको. तिला माहीत होतं.

मी बाही वर केली. मनगटापासून वर गेलेला टाक्यांचा वण, आणि आतल्या धातूच्या पट्टीमुळे आलेला उंचवटा. म्हटलं, तिसरा घाव यावर पडला. तो सरांच्या डोक्यावर पडायचा होता. पोलिसांना मी पडले असं खोटं सांगितलं, त्याची जी शिक्षा असेल ती द्या.

न्यायाधीशबाई पुढे झुकल्या. त्यांनी वकिलाला गप्प केलं आणि मला कन्नडातच विचारलं, हळू आवाजात, घरातल्या माणसाला विचारावं तसं. हे कोणी केलं?

'नन्न अण्णा.'

टाइप करणाऱ्या मुलीने मघाशी लिहिलं होतं तेच परत लिहिलं. तू माझ्याकडे बघत होतास, आणि मी तुझ्याकडे. दोन्ही वेळा मी खरं बोलले होते.

तुझी बहीण,
शलाका